चुलीस वारा हवा

थंडी पडू लागली की बेळगाव-खानापूरकडील घरांतून दारे-खिडक्या लवकर लावून घेण्याची रीत आहे. गॅस आला, तरी पाणी तापविण्यास व शेक घेण्यास चूल आणि शेगडी अद्यापि पुष्कळ घरांतून पेटतच आहेत. म्हणून त्यांच्या हवेविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

एक किलो सुके लाकूड पुरते जळावयास पाच-सहा किलो हवा लागते. ती न मिळाल्यास लाकूड धुमसते, भांडी काळी होतात व डोळे चुरचुरतात. धुराडे बसविले म्हणजे काम झाले, अशी कित्येकांची समजूत असते. परंतु खालून हवा आत येईल, तेव्हाच धुराडे वर धूर ओढील. दार बंद, खिडकी बंद आणि फटींत चिंध्या, अशा स्वयंपाकघरात उत्तम धुराडेही धूर घरातच ओकते! यास्तव चुलीजवळ भिंतीत खालच्या बाजूस जाळीचा झरोका ठेवावा. धुराड्याचे तोंड आढ्याहून दोन फूट तरी उंच असावे. नाही तर वारा धूर परत खाली लोटतो. हैदराबादेस डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल सिद्ध केली व १९५३ साली तिच्यावर पुस्तकही लिहिले. पुढे तशा चुली गावोगावी बसल्या, आणि काजळी न काढल्यामुळे त्यांतील कितीतरी कोंदून गेल्या.

धुराचा निदान त्रास तरी जाणवतो. आम्हांस अधिक भय वाटते ते कोळशाच्या शेगडीचे. तिचा धूर दिसत नाही, म्हणून ती बाळंतिणीच्या खोलीत निःशंकपणे ठेवली जाते व वारा लागू नये म्हणून दार लोटले जाते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने तो रक्तास चिकटतो. प्रथम डोके जड होते, मळमळते, मग उठण्याचे त्राणच राहत नाही. झोपलेल्या माणसास तर कळतही नाही.

आजीबाईंचा राग पत्करूनही आम्ही सांगू की, शेक घ्यावयाचा तो खिडकी उघडी ठेवून घ्यावा, आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात न्यावी. राख पांघरलेले निखारेही आत ठेवू नयेत. कोणी गुंगलेले आढळल्यास दारे सताड उघडून त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व शुद्धीवर आले तरी इस्पितळात न्यावे.