सपाट मेंदू आणि परतीचं तिकीट

फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधला ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ हा चॅप्टर आपण सगळ्यांनी सोसलाय. सिलिंडर उलगडा, कोन उलगडा, शीट सबमिट करा. हे दोन्ही बिनबोभाट उलगडतात. गोल मात्र अंदाजानेच उलगडावा लागतो. त्याचं कारण गाऊसने १८२७ सालीच सांगून ठेवलंय: गोलाचा पृष्ठभाग कुठेही न ताणता सपाट करता येत नाही. पटत नसेल तर मेसमधल्या मोसंबीची साल टेबलावर दाबून बघा.

आता मोसंबीच्या जागी मेंदू आणा. मेंदूची बाहेरची साल, म्हणजे कॉर्टेक्स, सरासरी अडीच मिलिमीटर जाड असते आणि पसरली तर सुमारे २,००० चौरस सेंटीमीटर भरते. ए-फोरचे तीन कागद चुरगळून कवटीत कोंबावेत तसा प्रकार! निम्म्याहून जास्त भाग घड्यांत लपलेला. म्हणून संशोधक एमआरआयवरून ही साल कॉम्प्युटरवर उलगडतात. डेल, फिशल आणि सेरेनो यांचे यावरचे पेपर १९९९ साली आले. त्या कामातून उभं राहिलेलं ‘फ्रीसर्फर’ आज फुकट मिळतं.

माझं म्हणणं एवढंच, की सपाट नकाशा कितीही देखणा असला तरी काम तिथे संपत नाही. त्यावर रंगवलेला भाग मूळ स्कॅनमध्ये नेमका कुठे बसतो, हे दाखवल्याशिवाय प्रोजेक्ट पूर्ण झाला म्हणू नये. ट्यूमर काढण्याआधी हात हलवणारा भाग कुठे आहे हे फंक्शनल एमआरआयने शोधतात. ऑपरेशन थिएटरमधलं नॅव्हिगेशन चालतं ते स्कॅनच्या मिलिमीटरांत. सर्जनला आपला सपाट कागद काय कामाचा?

वरवर पाहता परतीचा प्रवास सोपा आहे. सालीवर त्रिकोणांची जाळी असते आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूला नंबर असतो. फ्रीसर्फरच्या सरासरी मेंदूत एका बाजूलाच असे १,६३,८४२ बिंदू आहेत. जाळी फुगवा, गोल करा, सपाट करा. बिंदूची जागा बदलते, नंबर बदलत नाही. बॅच बदलली, बेंच बदलला, तरी आपला रोल नंबर तोच राहतो ना, तसंच. सपाट नकाशावरचा नंबर घ्या आणि मूळ जाळीत त्याचे को-ऑर्डिनेट्स बघा, झालं.

मग घोडं अडतं कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, ओरिजिन. फ्रीसर्फर आपल्या जाळीचा शून्यबिंदू चित्राच्या मध्यावर धरतो, स्कॅनरचा शून्यबिंदू वेगळा असतो. हा फरक मिळवला नाही तर अख्खा भाग सरकतो. भरीस भर म्हणून डायकॉम फाइलमध्ये एक्स अक्ष पेशंटच्या डावीकडे वाढतो आणि निफ्टीत उजवीकडे. एक उणे चिन्ह हुकलं की डावा मेंदू उजवा!

दुसरं, जाडी. जाळीला जाडी नसते, स्कॅन मात्र छोट्या घनांचा, म्हणजे व्हॉक्सेलचा बनलेला असतो. नुसते बिंदूंखालचे व्हॉक्सेल रंगवले तर चाळणी मिळते. सालीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांमधली जागा भरावी लागते.

तिसरं, शेजार. मेंदूच्या मधल्या खाचेच्या पुढच्या भिंतीवर हालचालीचा भाग आणि मागच्या भिंतीवर स्पर्शाचा भाग. सपाट नकाशावर या भिंतींचे वरचे काठ काही सेंटीमीटर लांब दिसतात, पण स्कॅनमध्ये भिंती जवळजवळ चिकटलेल्या असतात. भरताना थोडा हात सैल सुटला की एका भिंतीचा रंग दुसरीवर जातो.

कुणी म्हणेल, यासाठी तयार कमांड आहे की! आहे ना. पण कुठला स्कॅन आणि कुठलं मॅट्रिक्स, हे ती आपल्यालाच विचारते. कुणी म्हणेल, स्कॅनमध्ये नेऊन पुन्हा सालीवर आणू आणि जुळतं का पाहू. ही जा-ये चाचणी जरूर करावी, पण तिच्यावर विसंबू नये. जाताना आणि येताना तेच चुकीचं मॅट्रिक्स वापरलं तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि निकाल शंभर टक्के येतो! म्हणून शेवटी ओळखीच्या खाचेवर बोट ठेवून डोळ्यांनीच बघायला हवं. डाव्या-उजव्याचं तर डोळ्यांनाही कळत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. त्यासाठी स्कॅनच्या वेळी डोक्याच्या एका बाजूला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवायची पद्धत आहे. ती एमआरआयमध्ये पांढरी चमकते. स्वस्तातली गोळी, पण भल्याभल्या अल्गोरिदमला साक्षीदार म्हणून उभी राहते.

आपल्याकडे परीक्षेत फॉरवर्ड ट्रान्सफॉर्म दहा मार्कांना येतो आणि इन्व्हर्स ‘तसाच करावा’ म्हणून सोडून दिला जातो. ही सवय आधी मोडू या. सर-मॅडमना एक विनंती: फायनल इयरच्या प्रेझेंटेशनला रंगीत सपाट मेंदूची स्लाइड आली, की कौतुक जरूर करा, पण मार्क देण्याआधी एवढंच म्हणा, “आता हाच ठिपका मूळ स्कॅनवर दाखव.”