स्किपर, थाला, कर्नल... कॅप्टनला इतकी नावं का? जाणून घ्या

खामगावपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही इथल्या मैदानावर मॅच रंगली की कॅप्टनसाठी वापरले जाणारे दोन शब्द थेट जहाजावरून आलेले आहेत : 'स्किपर' आणि 'कर्णधार'.

स्किपर म्हणजे कोण?
जहाज चालवणारा. हा शब्द डच खलाशांच्या भाषेतून इंग्रजीत आणि तिथून खेळात आला. आपला 'कर्णधार'ही तसाच. संस्कृतमध्ये 'कर्ण' म्हणजे कान, तसंच नावेचं सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार.

आणि 'थाला'?
चेन्नईचे चाहते महेंद्रसिंह धोनीला 'थाला' म्हणतात. तमिळमध्ये 'तलै' म्हणजे डोकं. 'कॅप्टन'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'कापुत'चा अर्थही डोकंच! सौरव गांगुली बंगालीत 'दादा', म्हणजे थोरला भाऊ.

विदर्भाचा 'कर्नल'
१९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटीत कर्णधार असलेले सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. होळकर संस्थानच्या सैन्यातील हुद्द्यामुळे ते 'कर्नल' झाले. पुढे हेच टोपणनाव दिलीप वेंगसरकर यांनाही चिकटलं.

नियम काय सांगतो?
क्रिकेटच्या पहिल्याच नियमानुसार खेळ नियमांत आणि खेळभावनेनं होतोय ना, याची जबाबदारी कॅप्टनची. फुटबॉलचा नियम आणखी स्पष्ट आहे : कॅप्टनला कोणताही खास अधिकार नाही, संघाच्या वागणुकीची जबाबदारी मात्र आहे.

मुद्दा इथेच आहे. गल्लीत अजूनही 'ज्याची बॅट, तो कॅप्टन'. पहिली बॅटिंग त्याची, आउट असला तरी नॉटआउट तोच. आणि शेवटच्या नंबरवरचं पोरगं दिवसभर फक्त बॉल आणत बसतं. पण या शब्दांपैकी एकाचाही अर्थ 'मालक' असा होत नाही. विदर्भानं फैज फजलच्या नेतृत्वात २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये, तर अक्षय वाडकरच्या नेतृत्वात २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला. या संघाकडे मोठ्या स्टार खेळाडूंची रांग नव्हती. सगळ्यांना सोबत घेऊनच तो जिंकला.

सुकाणू हातात असणं म्हणजे नाव आपल्या मालकीची असणं नव्हे. नावेत बसलेल्या प्रत्येकाला पैलतीरी नेणं, हे कर्णधाराचं काम. शाळेच्या मैदानावर टॉसआधी एवढं सांगितलं, तरी त्या शेवटच्या पोराच्या हातात बॅट येईल.