पान विकायचं, मत नाही!



घरात एखादा जुना दिवाळी अंक असेल, तर तो बाहेर काढा. गोष्टी नंतर वाचा. आधी त्यातल्या जाहिराती मोजा. मलपृष्ठावर एखाद्या बँकेची नाहीतर मोठ्या कंपनीची रंगीत जाहिरात असेल. आत कुठे सराफाची, कुठे मसाल्याची, कुठे पुस्तकांच्या दुकानाची. आणि एखाद्या कोपऱ्यात छोटीशी चौकट: 'सर्व वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!' खाली दुकानाचं नाव आणि पत्ता.

"हे मध्येच कशाला?" असं म्हणून आपण पान उलटतो. पण अंकाच्या खर्चाचा मोठा भार हीच मंडळी उचलत असतात, बरं का! १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठीतला तो पहिला दिवाळी अंक मानतात. तेव्हापासून आजपर्यंत शेकडो अंक निघाले, काही बंदही पडले. नुसतं चांगलं लिहिणारे असून अंक निघत नाही. कागदाचे, छपाईचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात.

तुमच्यापैकी कितीतरी जण शाळेचं हस्तलिखित काढत असतील, सुट्टीत सोसायटीचा किंवा वाडीचा अंक काढत असतील. उत्साह दांडगा असतो. कविता येतात, चित्रं येतात, विनोद तर ढीगभर येतात. गाडी अडते ती झेरॉक्सच्या दुकानात! म्हणून आज आपण अंकासाठी भागीदार कसे जोडायचे ते पाहू. भागीदार दोन प्रकारचे असतात. एक दुकानदार, आणि दुसरे तुमच्यासारखाच अंक काढणारे मित्र.

आधी हिशेब, मग पायऱ्या

दुकानाची पायरी चढण्याआधी वही-पेन्सिल घ्या. समजा, अंकाची आतली पानं १६ आहेत आणि प्रती काढायच्या आहेत ५०. झेरॉक्सला पानामागे २ रुपये धरले, तर झाले १६०० रुपये. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ रंगीत, त्याचे प्रतीला २० रुपये धरले, तर आणखी १०००. एकूण खर्च २६०० रुपये. (तुमच्या गावातला भाव विचारून घ्या आणि आकडे बदला.)

आता जाहिराती. मलपृष्ठाचे ७०० रुपये. अर्ध्या पानाच्या दोन जाहिराती, प्रत्येकी ३००, म्हणजे ६००. पाव पानाच्या चार जाहिराती, प्रत्येकी १५०, म्हणजे आणखी ६००. बेरीज झाली १९०० रुपये. उरले ७००. ते ५० प्रतींवर वाटले, तर एका प्रतीला १४ रुपये पडतात. अंकाची किंमत १५ रुपये ठेवली, की सगळा खर्च भागून स्टेपलरच्या पिनांपुरते ५० रुपये हातात राहतात!

जाहिरातींनी आतली किती पानं घेतली? फक्त दोन. चौदा पानं वाचकांसाठी मोकळी. हे प्रमाण सांभाळा. निम्मा अंक जाहिरातींनी भरला, तर पुढच्या वेळी तो घेणार कोण?

दुकानदाराला काय मिळतं?

पुष्कळ मुलं दुकानात जाऊन म्हणतात, "काका, आमच्या अंकाला मदत करा ना!" ही झाली वर्गणी. गणपतीची वर्गणी मागावी तशी. काका हसतील, पन्नासाची नोट देतील आणि विसरून जातील. भागीदारी म्हणजे देवाणघेवाण. तुम्ही त्यांना काय देणार, ते आधी ठरवा.

सायकल दुरुस्तीच्या दुकानाला काय हवं असतं? सायकल चालवणारी मुलं. ती कुठे आहेत? तुमच्या अंकाच्या वाचकांत! मग असं सांगा: "काका, आमचा अंक आपल्या आळीतल्या ५० घरांत जातो. त्यात 'सायकलची निगा' असं एक पान आहे. त्याच्यासमोर तुमची पाव पानाची जाहिरात घेऊ. दीडशे रुपये होतील." आता काका नीट ऐकतील. सराफाच्या पेढीपेक्षा वह्या-पुस्तकांचं दुकान, पिठाची गिरणी, शिलाईचं दुकान, शिकवणीचे वर्ग यांना तुमचे वाचक अधिक उपयोगी. जवळची दारं आधी ठोठवा.

जाताना मागच्या वर्षीचा अंक बरोबर न्या. दुकानात गर्दी असेल, तेव्हा जाऊ नका. पैसे घेतले की पावती द्या. छापण्याआधी जाहिरातीचा मजकूर दाखवून घ्या. दुकानाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तर काकांचा चेहरा पाहण्यासारखा होतो! आणि अंक निघाल्यावर पहिली प्रत आपण होऊन नेऊन द्या. पुढच्या वर्षीची जाहिरात तिथेच नक्की होते.

खरी परीक्षा इथे आहे

आता एक अवघड प्रसंग. समजा, तुम्ही अंकासाठी एक मस्त पाहणी केली. 'वहीत खरंच किती पानं?' चार दुकानांतून वह्या आणल्या आणि एकेक पान मोजलं. एका वहीवर छापलं होतं २०० पानं, भरली १८४. आणि ती वही कुठे मिळते? ज्यांनी मलपृष्ठाची जाहिरात दिली, त्यांच्याच दुकानात! काका म्हणतात, "अरे, मी सातशे रुपये दिले ना तुम्हाला? मग माझ्या दुकानाबद्दल चांगलंच लिहाल ना?"

काय कराल?

तिघं जण म्हणतील, "जाऊ दे, ती वही गाळून टाकू." दोघं म्हणतील, "मुळीच नाही!" भांडण होईल. होऊ द्या. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. काकांनी तुमच्याकडून एक पान विकत घेतलं आहे. त्या पानावर त्यांनी हवं ते लिहावं, अर्थात खोटं सोडून. बाकीची पानं वाचकांची. वाचकानंही १५ रुपये दिले आहेत, ते तुम्ही खरं सांगाल म्हणून. एक वही गाळलीत, की उरलेल्या तीन वह्यांचे आकडेही वाचक खरे मानणार नाही.

म्हणून आधी पुन्हा पानं मोजा. मोजणाऱ्याचीही चूक होऊ शकते. मग काकांकडे जा आणि वही दाखवा. "काका, हे असं निघालं. तुमचं म्हणणं काय?" कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. वही त्यांनी थोडीच बनवली? ते कंपनीला विचारतील, माल परत करतील. त्यांचं उत्तर पाहणीखाली छापा. आणि ते रागावलेच, तर सातशे रुपये परत करण्याची तयारी ठेवा. मलपृष्ठावर एखादं छान चित्र छापता येईल आणि किंमत थोडी वाढवता येईल. गेलेला वाचक मात्र लवकर परत येत नाही.

हा प्रश्न फक्त छापील अंकाचा नाही. मोबाइलवर कुणी नवी बॅट दाखवतं, कुणी चॉकलेटचं कौतुक करतं. ते मनापासूनचं की पैसे घेऊन? पाहणाऱ्याला कसं कळणार? म्हणून भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२१ साली नियम केला, की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन मालाबद्दल बोलत असाल, तर ही जाहिरात आहे असं स्पष्ट सांगा. २०२३च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानंही तशाच सूचना दिल्या. तुमच्या अंकात याचं सोपं रूप करा. प्रत्येक जाहिरातीभोवती चौकट आखा आणि वर 'जाहिरात' हा शब्द लिहा. कुणी चित्रांसाठी रंगपेटी फुकट दिली, तर 'यांच्या सौजन्याने' म्हणून तेही सांगून टाका. लपवायचं काही नाही!

कारखान्याचा अंक, पण...

भागीदारीची एक खरी गोष्ट ऐका. आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसवली. तिथे लोखंडी नांगर तयार होत. १९२० साली या कारखान्यातून एक मासिक निघू लागलं. नाव 'किर्लोस्कर खबर'. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. ते स्वतः चित्रकार होते. नावाप्रमाणे ही होती कारखान्याची खबर.

पण नुसत्या नांगराच्या बातम्या वाचक किती दिवस वाचणार? हळूहळू त्यात गोष्टी आल्या, उद्योगावरचे, विज्ञानावरचे, समाजसुधारणेवरचे लेख आले. कारखान्याशी काही संबंध नसलेली माणसंही ते वाचू लागली. १९२९ साली नावातली 'खबर' गळाली आणि उरलं 'किर्लोस्कर'. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' अशी आणखी दोन मासिकं तिथूनच निघाली. नांगराचं नाव घरोघरी गेलं, ते वाचकाला त्याच्या आवडीचं काही मिळालं म्हणून. देणारा आणि घेणारा, दोघांचाही फायदा झाला.

याउलट वाटही आहे. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये सुरुवातीला जाहिराती असत. पुढे गांधीजींनी त्या बंद केल्या. 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'तही त्यांनी जाहिराती घेतल्या नाहीत. भार वाचकांच्या वर्गणीवर ठेवला. तेव्हा जाहिरात घ्यायची की नाही, हे तुमच्या संपादक मंडळानं बसून ठरवा. दोन्ही वाटा प्रामाणिक असू शकतात.

शेजारचा अंक शत्रू नव्हे

आता दुसरा भागीदार. पलीकडच्या शाळेतली मुलंही अंक काढतात. "त्यांचा अंक आपल्यापेक्षा भारी झाला तर?" असं मनात येतंच. पण गंमत पाहा, वाचक एकच अंक वाचून थांबत नाही. ज्याला एक आवडला, तो दुसराही मागतो. पूर्वीपासून संपादक एकमेकांना आपले अंक विनिमय म्हणून पाठवत आले आहेत. दुसऱ्याचा लेख आवडला, तर परवानगी घेऊन छापायचा आणि खाली 'साभार' लिहायचं, ही आपल्या मासिकांची जुनी रीत.

तुम्हाला काय करता येईल? त्यांची एक गोष्ट तुम्ही छापा, तुमची एक ते छापतील. अर्ध्या पानाची जाहिरात एकमेकांना द्या, पैसे न घेता. शब्दकोडं तुमच्या अंकात आणि उत्तर त्यांच्या अंकात, म्हणजे वाचक दोन्ही अंक शोधेल! दोघांनी मिळून जास्त प्रती काढल्या, तर झेरॉक्सवाले काका भाव थोडा कमीही करतील. विचारून तर पाहा.

मात्र "आपण करू या हं!" एवढ्यावर सोडू नका. कागदावर चार ओळी लिहा: कोण काय देणार, कोणत्या तारखेपर्यंत, नाव कुणाचं छापणार, पैसे कुणी किती घालणार. खाली दोघांच्या सह्या. मैत्रीत कागद कशाला, असं वाटेल. पण बहुतेक भांडणं "मला वाटलं, तू करणार आहेस" या एका वाक्यानं सुरू होतात. आणि कुणाचीही कविता त्याच्या नावाशिवाय छापू नका. लहान असली म्हणून काय झालं? ती त्याची आहे.

आई-बाबांसाठी चार ओळी

मुलं दुकानात जातील, तेव्हा दोघं-तिघं मिळून जाऊ द्या आणि कुठे जाणार ते आधी विचारून ठेवा. पैसे एखाद्या मोठ्या माणसाकडे असावेत, पण हिशेब मुलांनाच लिहू द्या. अंकात मुलांचे फोन नंबर, घरचे पत्ते छापू नयेत. नाव आणि इयत्ता पुरे. आणि ओळखीच्या दुकानदाराला परस्पर फोन करून जाहिरात मिळवून देऊ नका. एखादा "नाही" ऐकून येणं हाही धडाच आहे.

या आठवड्याचा उद्योग

आपल्या आळीतल्या दहा दुकानांची यादी करा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: 'त्यांना आपले वाचक का हवेत?' आणि 'आपण त्यांना काय देऊ शकतो?' ज्या दुकानापुढे काहीच सुचणार नाही, ते खोडा. उरलेल्यांपैकी तिघांकडे जाऊन या. कुणी काय प्रश्न विचारले, ते वहीत टिपून ठेवा.

अंक तयार झाला की शेवटच्या पानावर जमा-खर्च छापायला विसरू नका. जाहिरातींचे किती आले, झेरॉक्सला किती गेले, पिनांना किती. वाचकाला तेही वाचायला आवडतं!

पुढच्या आठवड्यात मुखपृष्ठ कसं आखायचं, ते पाहू. तोवर लागा कामाला!