नोकरी सोडली, पुढे काय?

'नोकरी सोडून व्यवसाय' असा निबंध दिला की मुलं नाशिकच्या 'सुला'चे राजीव सामंत यांचं उदाहरण देतात. स्टॅनफर्डचं शिक्षण, अमेरिकेत ओरॅकलची नोकरी, ती सोडून वाईनचा उद्योग. आईच्या सुलभा या नावावरून 'सुला'. 'धाडस केलं आणि यश मिळालं', संपला निबंध! (वाईन प्यावी की नाही, तो विषय वेगळा.)

मला हे अर्धवट वाटतं. अहो, मधली वर्षं कुठे गेली? ते परतले १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. आधी आंबा, मग खायची द्राक्षं लावून पाहिली. वाईनची द्राक्षं वेगळी: बारीक, जाड सालीची, बियांची. वेलीला नीट माल धरायलाच दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मजुरी, खत, फवारणी सगळं खिशातून. पहिली बाटली बाजारात आली ती थेट २००० साली. शिवाय जमीन घरची होती, हे कुणी लिहीतच नाही.

माझे काही माजी विद्यार्थी आज पुण्यात चांगल्या पगारावर आहेत आणि नोकरी सोडायचं म्हणतात. मी त्यांना अडवत नाही. एवढंच विचारतो, जमीन कुणाची, आणि पहिला माल येईपर्यंत घर कशावर चालणार?