न दिसलेले सोबती
नॉर्वेचा मॅट्स स्टेन २०१४ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी गेला. ड्युशेन विकाराने स्नायू झिजत गेलेले, चाकाची खुर्ची कायमची. पोराला मैत्री, प्रेम काहीच लाभलं नाही, ही आईवडिलांची खंत. पण मृत्यूची बातमी कळवताच देशोदेशींहून सांत्वनाचे निरोप आले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात तो ‘इबेलिन’ होता, अनेकांचा जिवाभावाचा. डेन्मार्कमधल्या एका आईला तिच्या स्वमग्न मुलाजवळ जाण्याची वाट त्यानेच दाखवली: दोघांनी मिळून खेळायचं, मिठी आधी खेळात मारायची. एवढ्या माणसांतही आजार मात्र त्याने कित्येक वर्षं लपवला, हे मनाला लागतं. तुमचं मूल रात्री कुणाशी खेळतं, बोलतं? दरडावू नका, शेजारी बसा आणि विचारा.