रिव्हर व्ह्यू, पण कोणाची नदी?

दुबईत चार मराठी माणसं जमली आणि विषय पुण्या-मुंबईच्या नद्यांवर गेला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो. इथं बघा, क्रीक कशी आहे!" मग मान हलवायची आणि चहा संपवायचा. या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. ते अर्धं खोटं आहे आणि उरलेलं सोयीचं आहे.

आधी खोटं काय ते पाहू. दुबईला नदी नाही. क्रीक म्हणजे समुद्राचा आत आलेला फाटा, त्यातलं पाणी खारं. आणि इथलं सांडपाणी जन्मापासून शिस्तीत वाहत होतं असंही नाही. २००८ साल इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. शहर इतक्या झपाट्यानं वाढलं होतं, की अनेक नव्या वसाहतींना मलवाहिन्याच नव्हत्या. मैला टँकरनं अल अवीरच्या शुद्धीकरण केंद्रात जायचा आणि तिथं टँकरांची तासन् तास रांग लागायची. चालकांना पैसे खेपेमागे. मग काही चालक रात्री पावसाच्या पाण्याच्या गटारात टँकर रिकामे करू लागले. ती गटारं उघडतात समुद्रात. जुमैराच्या किनाऱ्यावर मैला आला, पोहणाऱ्यांना इशारे द्यावे लागले.

पुढे काय झालं? चालकांच्या स्वभावावर प्रवचनं देऊन प्रश्न सुटला नाही. दंड झाले, टँकर जप्त झाले आणि मुख्य म्हणजे जबल अलीला नवं केंद्र उभं राहिलं. माणसं तीच होती, बरीचशी आपल्याच उपखंडातली. बदलली ती व्यवस्था. शुद्ध केलेलं तेच पाणी आज रस्त्याकडेच्या झाडांना आणि बागांना जातं, कारण इथं गोडं पाणी समुद्रातून काढावं लागतं आणि ते फुकट पडत नाही. २००८-०९ मध्ये लाल शैवालाची लाट आली तेव्हा अमिरातीतली काही निःक्षारीकरण केंद्रं बंद ठेवावी लागली होती. नळामागचा समुद्र घाण झाला तर नळ बंद पडतो, हे इथल्या सरकारला पाठ आहे. यात संस्कृती वगैरे काही नाही, गरज आहे.

(फ्लेमिंगो दिसतात म्हणून पाणी स्वच्छ, हाही भ्रम सोडा. रास अल खोरला ते येतात, तसे उजनीच्या फुगवट्यावर भिगवणलाही येतात. शेवाळ हे त्यांचं खाणंच आहे.)

आता सोयीचं काय ते. दुबईत पुण्याच्या घरांची प्रदर्शनं भरतात. गुळगुळीत कागदावर मुळा-मुठा निळीशार असते, काठावर जॉगिंग ट्रॅक असतो आणि गॅलरीत कॉफी पिणारं जोडपं. आपण दिरहॅमचे रुपये करतो, हप्ता बसतो का पाहतो. वास्तू पाहतो, पार्किंग पाहतो, क्लब हाऊसला मिनी थिएटर आहे का विचारतो. शंभरातला एक तरी विचारतो का, की या इमारतीतलं सांडपाणी जातं कुठं?

ते जातं नदीत. नदी जाते भीमेत आणि भीमा उजनीत. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं, तेही काही दिवसांआड. उजनीखाली पंढरपूर. आषाढीला अबू धाबीत नाहीतर शारजात आपण टाळ वाजवत दिंडी काढतो, ती ज्या चंद्रभागेच्या नावानं, तिच्यात आपल्याच गुंतवणुकीच्या फ्लॅटचं पाणी पोचलेलं असतं. हे ऐकायला कडू आहे, पण नकाशा काढून बघा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदले गेले. त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. पुण्यासाठी जपानी कर्जाची, सुमारे ९९० कोटींची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली: अकरा केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. तिची मूळ मुदत केव्हाच उलटून गेली. दरम्यान ४४ किलोमीटरचा काठ सुशोभित करायचं काम जोरात निघालं. आधी मोरी तुंबलेली असताना दिवाणखान्याला रंग काढण्यातला हा प्रकार. आणि या रंगाचं गिऱ्हाईक कोण, तर आपण. नदीकाठची किंमत आपण वाढवतो, नदीची जबाबदारी मात्र "तिथल्या लोकांची".

काही जण म्हणतील, आम्ही परदेशात, आमचं कोण ऐकणार? बिल्डर ऐकेल. तो विमानानं तुमच्या दारात आला आहे. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो अहवाल मागा. सांडपाणी प्रकल्पाची क्षमता विचारा. ताबा दिल्यावर तो चालवणार कोण, वीजबिल भरणार कोण, तेही विचारा. कारण खरी गोम तिथंच आहे. बिल्डर गेला की बिल वाचवायला सोसायटीच मोटर बंद ठेवते. पिंपरी-चिंचवडला महापालिकेनं अशा सोसायट्यांना नोटिसा काढल्या आहेत. त्या सोसायट्यांचे सभासद शिकलेले आहेत, बरेच आपल्यासारखे बाहेर राहतात आणि मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढला तर वॉट्सॲपवर रान उठवतात.

यंदाच्या सर्वसाधारण सभेला तुमचा फ्लॅट भाड्यानं दिलेला असला तरी सभेचा विषय पत्रानं पाठवता येतो. विषय एवढाच लिहा: गेल्या बारा महिन्यांत सांडपाणी प्रकल्प किती दिवस चालला, आणि त्याचं वीजबिल किती आलं.