पाठीवरचे बिऱ्हाड

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आपल्या शहरातून एक बिऱ्हाड हलले. हैदराबाद फुटबॉल क्लब हे त्याचे नाव. मालकांनी दिल्लीला जागा पाहिली, दारावरची पाटी बदलली, ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ असे नवे नाव घेतले आणि अवघ्या तीन वर्षांपूर्वी इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवलेला हा संघ एका पत्रकासरशी परगावचा झाला. त्याबद्दल निषेधाची सभा किंवा साधा ठराव झाल्याचे आमच्या तरी कानावर आले नाही. आमच्या आळीत ही बातमी पोचायलाच आठ दिवस लागले, आणि पोचली तेव्हा एका चांगल्या सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांस विचारले, “म्हणजे, आपल्याकडे असा संघ होता का?”

त्या प्रश्नापायीच हे लिहावे लागत आहे. या पानावर एरवी नाटके, व्याख्यानमाला, ग्रंथालयांच्या विवंचना असे विषय असतात. फुटबॉलचे येथे काय काम, असे कोणी म्हणेल. पण ज्या शहरात शाळामास्तर हाच या खेळाचा आचार्य होऊन गेला, तेथे तो संस्कृतीच्या पानाबाहेर का ठेवावा? शिवाय तो मास्तर आमच्या वाचकांना अगदीच परका नव्हे. सय्यद अब्दुल रहीम हे काचीगुड्याच्या मिडल स्कुलात आणि चादरघाट हायस्कुलात शिकवीत असत. ज्या काचीगुड्यात आपल्यापैकी कित्येकांच्या तीन-तीन, चार-चार पिढ्या नांदल्या, त्याच काचीगुड्यात हे गृहस्थ खडू हातात घेऊन उभे राहत.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघ रहीमसाहेबांच्या हाती आला आणि १९६३च्या जून महिन्यात ते कर्करोगाने वारले तोपर्यंत तो त्यांच्याचकडे राहिला. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप कूपरेजच्या मैदानावरून उचलून आणला. १९५० सालीच मोहन बागानला हरवून ड्युरंड कप जिंकला. पुढे १९५४, १९५७ आणि १९६१ या वर्षी तो पुन्हा पोलिसांनीच मिळवला. संतोष ट्रॉफी हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोनदा ओळीने जिंकली, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबई होती. आपल्या आजोबांच्या पिढीने त्या दिवशी मनातल्या मनात कोणाच्या बाजूने टाळी वाजवली असेल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

हे यश मिळाले कसे? रहीमसाहेबांच्या शिकवण्याच्या काही तऱ्हा ऐकल्या म्हणजे मौज वाटते. ते अशा स्पर्धा भरवीत की ज्यांत चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्याला चकवण्याची मनाई असे. चेंडू मिळाला की सोबत्याकडे द्यायचा. दुसऱ्या काही स्पर्धांत फक्त कच्च्या पायाने खेळायचे. उजवा पाय तरबेज असेल त्याने डावाच वापरायचा. मुलांना हा खेळ वाटे, मास्तरांना तो अभ्यास होता. एखाद्या पोराला नकळत पाढे पाठ करवून घ्यावेत तसा हा प्रकार. या तालमीतून आणि शहराच्या गल्ल्यांतून जी मुले पुढे आली, त्यांना पोलीस खात्यात नोकरी मिळे, घरची चूल पेटे आणि संध्याकाळी मैदान मिळे. १९५१चे दिल्लीचे आणि १९६२चे जकार्ताचे एशियाई सुवर्णपदक ही रहीमसाहेबांच्याच मार्गदर्शनाची फळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले, मराठवाडा एकीकडे गेला, आपण इकडे राहिलो, कित्येक घरांत भावाभावांची राज्ये निराळी झाली. त्याला जेमतेम महिना होतो न होतो तोच मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि शेवटी चौथे स्थान मिळवले. त्या चमूत नूर महंमद, अझीझ, झुल्फिकार, बलराम ही आपल्या शहरची माणसे होती. नकाशावरून राज्य पुसले गेले होते, पण मैदानावर त्याची माणसे दिसत होती.

तथापि जुने ते सारे सोने असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. पोलीस संघही काही लोकांच्या वर्गणीवर उभा राहिलेला नव्हता. तो एका सरकारी खात्याचा संघ होता, आणि एका माणसाच्या बुद्धीवर चालत होता. तो माणूस गेला आणि पुढे खेळाचे तेज उतरत गेले. चांगली मुले तर रहीमसाहेबांच्या हयातीतच कलकत्त्याची वाट धरू लागली होती. सिकंदराबादचा तुळसीदास बलराम १९५७ साली ईस्ट बंगालला गेला. १९६६ साली नईमुद्दीन आणि हबीब गेले. १९७७ साली पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ ईडन गार्डन्सवर आला, तेव्हा मोहन बागानच्या दोन गोलांपैकी एक हबीबने केला. पाय हैदराबादचा, गोल कलकत्त्याचा! त्या काळी खेळाडू जात आणि संघ मागे राही. आता संघच गेला. आणि त्यातले खेळाडू आपले होते कधी?

या गेलेल्या संघाचे मूळ पाहू गेले तर ते पुण्यात सापडते. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा पुण्याचा संघ बालेवाडीच्या क्रीडांगणावर खेळू लागला. या स्पर्धेची रचना अशी की, मालकाने ठरलेले शुल्क भरावे, स्पर्धेतली एक जागा मिळवावी आणि ती जागा एखाद्या शहराच्या नावाने चालवावी. जागा मालकाची, शहराचे नाव पाटीवर रंगवण्यापुरते. २०१७-१८च्या हंगामात पुण्याने उपांत्य फेरी गाठली. २०१९मध्ये पैशाचे गणित विसकटून तो संघ बंद झाला. रिकामी झालेली जागा नव्या मालकांनी घेतली आणि ऑगस्ट २०१९मध्ये हैदराबाद फुटबॉल क्लब जन्माला आला. पुण्याहून हैदराबादेला येणे यात आम्हां मंडळींना नवल ते काय? आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज तिकडूनच पेशकारीला, वकिलीला, शाळामास्तरकीला आले आणि येथलेच होऊन गेले. पण ते मुक्कामाला आले होते. हा संघ सहा वर्षांत उठला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते असे. याच सुमारास, २०१९ सालीच, दिल्लीचा संघ भुवनेश्वरला हलवण्यात आला होता. म्हणजे दिल्लीचा ओडिशाला, पुण्याचा हैदराबादेला आणि हैदराबादचा दिल्लीला. लहानपणी खांबखांबोळ्या खेळत असू त्याची आठवण व्हावी!

पहिल्याच सामन्यात कलकत्त्याला पाच गोल खाऊन हा संघ घरी आला. २ नोव्हेंबर २०१९ रोजी गच्चीबावलीला घरचा पहिला सामना केरळ ब्लास्टर्सविरुद्ध झाला आणि तो मात्र २-१ असा जिंकला. विजयी गोल मार्सेलिन्योचा, म्हणजे पुण्याहूनच आलेल्या ब्राझिलियन खेळाडूचा. त्या हंगामात अठरा सामन्यांत दोनच विजय मिळाले आणि संघ तळाला राहिला. नंतर मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक आले आणि खरोखर नेटका, तरुण भारतीय मुलांवर विश्वास टाकणारा संघ त्यांनी बांधला. ही गोष्ट न मानणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या वर्षी पाचवा क्रमांक, तिसऱ्या वर्षी विजेतेपद.

त्या विजेतेपदाची हकीकत मात्र विलक्षण आहे. करोनामुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम सबंध गोव्यात खेळवले गेले. म्हणजे ज्या वर्षी हैदराबादचा संघ अजिंक्य ठरला, त्या वर्षी लीगचा एकही सामना हैदराबादेत झाला नाही! २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामना झाला. प्रेक्षकांत केरळची मंडळी लोटली होती. अडुसष्टाव्या मिनिटाला केरळने गोल केला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बदली आलेल्या साहिल तावोराने दुरून असा फटका मारला की, दूरचित्रवाणीपुढे बसलेले आम्ही उठून उभे राहिलो. मग पेनल्ट्यांत लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि हालीचरण नार्झारीने शेवटचा गोल करून सामना संपवला. तावोरा आणि कट्टीमणी गोव्याचे, नार्झारी आसामचा, हंगामात अठरा गोल करणारा ओग्बेचे नायजेरियाचा. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्या वर्षीच्या संघात होता. ही सारी गुणी माणसे. त्यांच्या कर्तबगारीत काही उणे नाही. पण ज्या शहराचे नाव त्यांच्या छातीवर होते, त्याच्या रस्त्यांवरून चालण्याची सवड त्यांना मिळालीच नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०२२-२३मध्ये संघ दुसरा आला. त्यानंतर तिजोरी रिती झाली, पगार थकले, आंतरराष्ट्रीय संघटनेने नवे खेळाडू घेण्यास बंदी घातली आणि परदेशी खेळाडूंसह पुष्कळ जण सोडून गेले. २०२३-२४मध्ये उरलेल्या पोरांनी बावीस सामन्यांत एक विजय मिळवला. पगार नसताना मैदानावर उतरणाऱ्या त्या मुलांचा तो एक विजय आम्हांस फातोर्ड्याच्या विजयाहून कमी वाटत नाही. २०२४मध्ये मालक बदलले, एक हंगाम तसाच गेला आणि मग दिल्ली. २०२५मध्ये तर साऱ्या लीगचाच करार संपत आला आणि हंगाम लांबणीवर पडला. तेव्हा एकट्या हैदराबादच्या मालकांना दोष देऊन भागणार नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. संघ गेला तेव्हा त्याला अडवण्याचा अधिकार या शहरात कोणालाच नव्हता. सभासद नव्हते, सभा नव्हती, मैदान संघाचे नव्हते. बोधचिन्हात चारमिनार घातला म्हणून संघ शहराचा होत नाही. कोल्हापूरकडे पाहा. तेही आपल्यासारखेच संस्थानी शहर. तेथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठापेठांचे आहेत. त्यांच्यात भांडणे आहेत, कधी मारामाऱ्याही होतात, खेळाचा दर्जा गच्चीबावलीसारखा नाही. पण शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की पेठ रिकामी होते. पाटाकडील तालीम कोणी उचलून दिल्लीला नेऊन दाखवावी!

आपल्याकडे सारेच संपले आहे असेही नव्हे. श्रीनिधी डेक्कन या संघाने अझीझनगरला स्वतःचे मैदान उभारले आणि आय-लीगमध्ये २०२२-२३ व २०२३-२४ अशी लागोपाठ दोन वर्षे दुसरा क्रमांक मिळवला. त्यालाही मालकच आहे, परंतु मैदान बांधणारा माणूस एका रात्रीत उठून जात नाही, एवढा भरवसा धरायला हरकत नसावी. २०२४मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि रहीमसाहेबांचे नाव आमच्या घरातल्या पोरांच्याही तोंडी झाले. त्यांतल्या एकाने विचारले, “ते खरेच आपल्या काचीगुड्यात शिकवत होते?” होय म्हटल्यावर त्याला शाळा पाहायची होती.

म्हणून एक सुचवतो. कच्च्या पायाच्या त्या स्पर्धेला ना मालक लागत होता, ना परवाना; एक चेंडू आणि संध्याकाळचे दोन तास पुरत होते. शहरातल्या आपल्या मराठी शाळांनी, जमल्यास शेजारच्या उर्दू आणि तेलुगू शाळांना बरोबर घेऊन, येत्या हिवाळ्यात ती पुन्हा भरवावी. कोणी पुढे आले तर त्यांची पत्रके आणि सामन्यांचे निकाल आम्ही याच पानावर छापू, नाटकांच्या जाहिरातींच्या वर.